चौथा गिअर

१

राजमती मगदूम सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायला निघाली म्हणून मंगळवार पेठेनं काही तोंडात बोटं घातली नाहीत. पेठेला दुसरी कामं होती. आश्चर्य वाटलं ते खुद्द राजमतीलाच. आयुष्यात कधी स्कुटीसुद्धा धड न चालवलेली बाई ती, पण वेळच तशी आली होती.

तिचा नवरा अभिनंदन कबनूरहून कापड आणून पेठेत दुकान चालवायचा. गेल्या पावसाळ्यात गिऱ्हाइकापुढं तागा उलगडता उलगडता तो खाली बसला, तो उठलाच नाही. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, पहिलं वर्ष महत्त्वाचं. आठवड्यातनं तीनदा राजारामपुरीत व्यायामाला न्यायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. वर्षात पाय हलला तर हलला, नाहीतर विसरा.

रिक्षात त्याला चढवायला दोन माणसं लागायची. दोनदा तो निसटून रस्त्यावर पडला, आणि दुसऱ्यांदा रडला. पुण्याहून मुलगा अनेकांत फोनवर म्हणाला, "आई, गाडी घिऊया आन तूच शीक. दुसऱ्याच्या तोंडाकडं किती दिवस बघणार?"

नवरा-बायकोचं बोलणं आता हातानं व्हायचं. त्याचा डावा हात धड होता. राजमती तो हातात घ्यायची आणि विचारायची, "च्या घेणार?" एकदा दाबला की व्हय, दोनदा दाबला की न्हाय. एवढ्यावर त्यांचा सगळा संसार चालला होता, आणि खरं सांगायचं तर बरा चालला होता.

गाडीचा क्लास बापूसोंचा. साठीतला उंचापुरा माणूस. त्यांच्या शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढंही क्लच आणि ब्रेक बसवलेले होते आणि ते तारेनं चालवणाऱ्याच्या पेडलांना जोडलेले होते. बापूसोंच्या डाव्या पायात सळई होती, तो वाकवला की ठणकायचा कमी म्हणे. म्हणून तो पाय सीटवर मुडपून घ्यायचा आणि दोन्ही पेडलं एकट्या उजव्या पायानं सांभाळायची, अशी त्यांची बसायची पद्धत होती.

"ताई, पंधरा वर्सं वरडून वरडून घसा गेलाय माझा," पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं. "आता मी बोलत न्हाय. डॅशबोर्डवर बोटानं वाजवतो. एकदा वाजवलं की पयला, दोनदा वाजवलं की दुसरा, तीनदा वाजवलं की तिसरा. ऐकायचं आन टाकायचं."

"आन चौथा वो?"

"चौथा गावात लागत न्हाय. त्यो हायवेला. बाराव्या दिवशी जाऊया पेठ वडगावच्या अंगाला."

टक. टक टक. राजमती गिअर टाकायची. गाडी कधी बंद पडायची नाही. तिला वाटायचं आपल्याला जमायला लागलं. पण क्लच दाबायला पाय नेला की पेडल तिच्या पायाखालनं आधीच खाली गेलेलं असायचं. शेजारी बापूसो शांतपणे खिडकीबाहेर बघत बसलेले असायचे. अकराव्या दिवशी उतरताना ती म्हणाली, "आज एकदाबी बंद पडली न्हाय की!" बापूसो नुसते हसले.

बाराव्या दिवशी ते आलेच नाहीत. रात्री झोपेत गेले होते.

२

पुढची गोष्ट भराभर झाली. परीक्षा ती दुसऱ्या क्लासच्या गाडीवर, तिसऱ्या खेपेला पास झाली. गाडी मात्र तिनं बापूसोंचीच घेतली. त्यांच्या बहिणीनं, आक्कानं, क्लास बंद करायचं ठरवलं होतं, आणि राजमतीचा त्या गाडीवर हात बसला होता. सम्राट मेकॅनिकनं तिच्या डोळ्यांदेखत शेजारची पेडलं आणि तार काढून टाकली, भोकं बुजवली आणि वर जुनंच रबरी मॅट टाकलं. त्या मॅटवर एकाच टाचेची झिजलेली चकचकीत जागा होती, उजव्या बाजूला.

आक्कानं किल्ली देताना डोळ्याला पदर लावला. "तुमचं शिकणं अर्धं ऱ्हायलं म्हणून लई हळहळला असता बघा," ती म्हणाली. राजमतीला भरून आलं.

अभिनंदनला बसवायच्या आधी आठ दिवस एकटीनं चालवून बघायचं तिनं ठरवलं. पहिल्या दिवशी सकाळी मिरजकर तिकटीच्या चौकात तिची तारांबळ उडाली. मागनं केएमटीची बस भोंगा वाजवतेय, पुढं भाजीचा हातगाडा आडवा, आणि तिनं घाबरून क्लच एकदम सोडला. आता गचका बसणार, गाडी बंद पडणार, लोक हसणार, असं म्हणून तिनं डोळेच मिटले.

गाडी बंद पडली नाही. लोण्यातनं सुरी जावी तशी अलगद पुढं निघाली.

पुढच्या वळणावर दुसरा गिअर टाकायला तिनं क्लचकडं पाय नेला. पेडल आधीच खाली गेलेलं होतं.

तिनं गाडी कडेला घेतली. वाकून शेजारी बघितलं, तर रिकामं सीट, मॅट, आणि सम्राटनं बसवलेली पत्र्याची पट्टी. मग तिनं मनाची समजूत घातली. सवय आहे झालं. पाय आपसूक दाबतो आणि आपल्याला कळत नाही. बापूसोच म्हणायचे, गाडी पायाला कळते, डोक्याला नाही.

तेवढ्यात डॅशबोर्ड वाजला. टक.

ऊन चांगलंच तापलं होतं. उन्हात प्लॅस्टिक वाजतं, हे कुणीही सांगेल. राजमतीनंही स्वतःला तेच सांगितलं, आणि पहिला गिअर टाकला.

दुपारी तिनं सम्राटला गाडी दाखवली. तो खाली आडवा होऊन सगळं बघून आला. "काय बी न्हाई वैनी," हात पुसत तो म्हणाला. "क्लच एकदम झकास हाय. तुमी गाडी बेस चालवताय, उगं शंका काढू नका."

३

नवव्या दिवशी अभिनंदनला शेजारच्या सीटवर बसवलं. चढायला दहा मिनिटं लागली, पण पडला नाही. राजमतीनं त्याचा निर्जीव उजवा पाय उचलून आत ठेवला, पट्टा लावला आणि विचारलं, "बसलाय नीट?" एक दाब आला. चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू होतं.

पेठेतनं बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक चाललं. मोठ्या रस्त्याला एक म्हैस आडवी आली. राजमतीनं ब्रेक दाबायच्या आधीच गाडी थांबली, आणि तिचं लक्ष सहज शेजारी गेलं.

अभिनंदनचा उजवा पाय सरळ ताठ होऊन मॅटवर दाबला गेला होता. बोटं, घोटा, मांडी, सगळं ताणलं होतं. जो पाय आठ महिने कुणी उचलल्याशिवाय हलला नव्हता, तोच पाय. म्हैस गेली, तसा तो अलगद सैल पडला.

"अहो!" राजमती ओरडलीच. "अहो, पाय! पाय हलला की तुमचा!"

तिनं तिथंच रस्त्यात गाडी उभी करून त्याचा हात धरला, आणि हसावं की रडावं तिला कळेना. मागनं भोंगे वाजत होते. एक रिक्षावाला शेजारनं जाताना म्हणाला, "पावणं, घरी जाऊन बोला की!" तिला त्याचाही राग आला नाही.

अभिनंदनचं हसू मात्र मावळलं होतं. तो आपल्या पायाकडं बघत होता, अनोळखी माणूस शेजारी येऊन बसल्यावर बघावं तसा. गाडी पुढं निघाली आणि डॅशबोर्ड वाजला. टक टक. राजमतीनं दुसरा टाकला. आज ऊन नव्हतं, आभाळ आलं होतं, पण आनंदाच्या भरात तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

राजारामपुरीत उतरवताना आणखी एक गोष्ट दिसली. त्यानं डावा पाय सीटवर मुडपून घेतला होता. अवघडला असेल, म्हणून तिनं तो सोडवून खाली ठेवला.

४

दीड महिन्यात पाय असा सुधारला की व्यायाम घेणारी ऐश्वर्या पाटील सगळ्या पेशंटना अभिनंदनकडं बोट दाखवून सांगायची. आता तो दांडीला धरून उभा राहायचा. चार पावलंही टाकायचा.

"काकू, घरात काय करून घेताय सांगा तरी," तिनं विचारलं.

"काय न्हाय बाई. गाडीतनं फिरवते."

"मग फिरवत ऱ्हावा. अजिबात बंद करू नका." ऐश्वर्यानं पुन्हा त्याच्या चालीकडं बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "एवढं एकच कळंना झालंय. गेलेला पाय उजवा. तो झक्कास पडतोय. मग काका चांगला पाय का ओढायला लागलेत?"

राजमतीनं बघितलं. पुढं उजवा पाय पडत होता आणि मागनं डावा फरफटत येत होता, आत सळई असल्यासारखा ताठ. पण ती म्हणाली, "इतके दिवस सगळा भार त्याच्यावरच हाय नव्हं. दुखत असंल."

घरी आल्यावर तिनं नेहमीप्रमाणं हात हातात घेतला. "उद्याबी जाऊया न्हवं गाडीतनं?"

दोन दाब.

"दमलाय व्हय? बरं, लांब न्हाय न्हेत. नुसतं रंकाळ्यापर्यंत."

दोन दाब, एवढे जोरात की तिची अंगठी बोटात रुतली.

आता इथं राजमतीला नावं ठेवायला सोपं आहे. पण माणूस आठ महिने खाटेवर पडलेला बघितला की मन कसलं होतं, ते ज्यानं बघितलंय त्यानंच सांगावं. उभा राहतोय, चालतोय, वर्ष संपायला दोन महिने आहेत आणि हा न्हाय म्हणतोय. लहान पोर औषधाला न्हाय म्हणतं, तसं धरलं तिनं. दुसऱ्या दिवशी त्याला उचलून गाडीत बसवलं. तो दरवाज्याला धरून बसला तर तिनं त्याची बोटं एक एक करून सोडवली. त्या रात्री तिला झोप लागली नाही, पण तिसऱ्या दिवशी पुन्हा तिनं तेच केलं.

घरात तो पाय निपचित पडून असायचा. फक्त गाडीत जागा व्हायचा, आणि उतरल्यावर व्यायामापुरता चालायचा. आणि क्लचवर राजमतीनं शेवटचा पाय कधी दाबला होता, हे तिला आठवेनासं झालं होतं.

५

एका सकाळी तिनं त्याला मागच्या सीटवर बसवलं. असं का केलं, हे तिनं स्वतःशीही कबूल केलं नाही. पुढची जागा रिकामी ठेवून बघायचं होतं, एवढं खरं. पाय त्याचा असेल तर मागंही हलेल, आणि क्लच सम्राट म्हणतो तसा झकास असेल तर आपण दाबला तरच दबेल. एवढा साधा हिशोब.

सायबर चौकाच्या पुढं विद्यापीठाच्या भिंतीकडेचा रस्ता सकाळी मोकळा असतो. तिथं दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आली तेव्हा राजमतीनं दोन्ही पाय पेडलांवरनं काढले आणि सीटखाली ओढून घेतले.

"आता बघू," ती म्हणाली.

थोडा वेळ काही झालं नाही. गाडी आपली आपण सरकत होती. झाडं मागं जात होती. एक म्हातारा फिरायला निघाला होता, त्यानं गाडीकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

टक. टक. टक.

रिकाम्या सीटपुढं वाजलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत क्लचचं पेडल हळूहळू खाली गेलं. अगदी तळापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. कुणीतरी वाट बघत होतं, तिनं गिअर टाकायची.

राजमतीनं आरशात बघितलं.

मागं अभिनंदनचा डावा पाय सीटवर मुडपलेला होता. उजवा पुढं ताठ होऊन खाली दाबला गेला होता. आणि अभिनंदन वाकून, आपल्या एकुलत्या धड हातानं त्या पायाचा गुडघा धरून वर ओढत होता. जीव खाऊन ओढत होता. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, तोंड उघडं होतं आणि त्यातनं आवाज येत नव्हता. त्यानं एकदा पाय बोटभर वर आणला. इकडं क्लचचं पेडलही बोटभर वर आलं. मग पायानं हाताला मागं सारलं आणि पेडल पुन्हा तळाला गेलं.

आरशात दोघांची नजर भिडली. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. ते डोळे मात्र त्याचेच होते, पंचवीस वर्षं बघितलेले. किती दिवस हा माणूस दोनदा दाबून सांगत होता, आणि आपण त्याची बोटं सोडवत होतो!

ब्रेकचं पेडल खाली गेलं. गाडी डाव्या कडेला झाडाच्या सावलीत अलगद जाऊन उभी राहिली, अगदी बापूसो उभी करायचे तशी.

६

तिनं किल्ली काढली, गाडी तिथंच टाकली आणि रिक्षा केली. दोन पोरांनी अभिनंदनला उचलून ठेवलं. वाटेत ती त्याच्या खांद्याला धरून नुसती रडत होती, आणि रिक्षावाला आरशातनं बघून बघून शेवटी म्हणाला, "हुतंय बरं वैनी, काळजी करू नका."

अनेकांत फोनवर चिडला. "आई, तुला खूळ लागलंय का? पाय सुधारलाय त्या गाडीमुळं आन तू तीच विकाय निघालीस? वर्ष संपायला किती दिवस ऱ्हायलेत?"

"तुझा बाप नको म्हणतोय."

"त्यांना काय कळतंय आता?"

"कळतंय," राजमती म्हणाली. "मलाच कळत नव्हतं." आणि तिनं फोन ठेवला.

ती आता सावध झाली होती. तीन दिवस ती त्या पायाकडं बघत होती. स्वयंपाक करताना, पाणी भरताना, मध्येच येऊन चादर उचलून बघायची. पाय पडून होता, ओल्या कापडाच्या बोळ्यासारखा. तिसऱ्या दिवशी तिनं टाचणीनं टोचून बघितलं, तरी हलला नाही. तिचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी पोटात तुटलं, कारण ऐश्वर्या जे म्हणत होती तेही खरं होतं. आता हा माणूस बहुतेक कधी चालणार नव्हता. चालेना का. आपला माणूस खाटेवर असला तरी आपला असतो, आणि तिला तेवढा पुरे होता.

रस्त्यात टाकलेली गाडी सम्राटनंच गल्लीत आणून लावली होती; चौथ्या दिवशी तो कबनूरचं एक गिऱ्हाईक घेऊन आला. कागद झाले. गाडी गल्लीतनं बाहेर पडली ती राजमतीनं खिडकीतनं बघितली, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली. आवाज विरून गेला, तेव्हा पहिल्यांदा तिनं छातीभर श्वास घेतला.

दिवस मावळायच्या आत जेवायचं ही मगदुमांच्या घरची रीत. तिनं लवकर भात टाकला, मऊ करून आमटीत कालवला, त्याला घास घास भरवला, तोंड पुसलं. बाहेर अजून उजेड होता. शेजारच्या घरात टीव्ही लागला होता. ती खाटेच्या कडेला बसली आणि त्याचा डावा हात हातात घेतला. उजवा पाय काय झाला असेल तो असो, पण हा हात त्याचा होता. याच हातानं तो त्या पायाशी एकटा झटला होता.

"गाडी गेली बघा," ती म्हणाली. "परत येत न्हाय आता. माझं चुकलं. तुमी सांगत हुता आन मी ऐकलं न्हाय. पण आता बरं झालं न्हवं?"

एक दाब.

राजमतीला हुंदका आवरला नाही. तिनं कपाळ त्या हातावर टेकलं. व्हय म्हणाला. एवढं सगळं करून, त्याचं न ऐकून, शेवटी तो व्हय म्हणाला. ती पोटभर रडली.

हातानं पुन्हा दाबलं. दोन दाब.

"काय न्हाय?" डोळे पुसत तिनं विचारलं. "रडू नको म्हणताय व्हय? बरं. न्हाय रडत. बघा."

तिनं हसून वर बघितलं. अभिनंदन तिच्याकडं बघत नव्हता. तो आपल्या त्या हाताकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता.

हातानं तीन दाब दिले. सावकाश, एकामागनं एक.

तीनचं काही त्यांचं ठरलेलं नव्हतं. राजमतीला हात सोडवून घ्यायचा होता, पण त्या बोटांनी तिचा पंजा धरला होता. नुसता धरलेला, दुखवत नव्हता, नवशिक्याला भीती वाटू नये असा. चादरीखाली काहीतरी सरकलं. डावा गुडघा हळूहळू वर आला आणि पाय मुडपला गेला.

मग बोटांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. राजमती श्वास धरून बसली होती. आणि चौथा.

चौथा गावात लागत न्हाय, त्यो हायवेला, असं बापूसो म्हणाले होते.